पाचवा भिडू कोणता घ्यावा? : २०२४च्या ‘प्लेअर्स हँडबुक’चे एका प्रश्नापुरते परीक्षण

आमच्या घरी पंधरा दिवसांतून एका रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घेऊन, फासे टाकत, गोष्ट रचत खेळायच्या खेळाचा डाव बसतो. डीएम (डंजन मास्टर) मी असतो, म्हणजे गोष्ट आणि राक्षस माझ्याकडे, आणि खेळाडू चार. माझा धाकटा भाऊ फायटर (लढवय्या) खेळतो, बायको विझार्ड (जादूगार), शेजारचे निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळेच काका म्हणतात, ते क्लेरिक (जखमा भरणारा धर्मोपदेशक), आणि माझी एक सहकारी रोग. (हा शेवटचा शब्द देवनागरीत लिहिला की व्याधीचा भास होतो, त्यामुळे आम्ही तिच्या पात्राला सरळ चोर म्हणतो; या खेळात त्या क्लासचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, मूळ नावही चोर असेच होते.) चौघांचा संच इतका रूढ आहे की त्याबद्दल आम्ही कधी विचारही केला नव्हता. तो विचार करण्याची वेळ आली ती महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात असलेली माझी भाची डावात यायचे म्हणाली तेव्हा. बारा क्लासेसपैकी चार भरलेले होते. उरलेल्या आठांतून तिने कोणता घ्यावा, या एकाच प्रश्नाच्या कसोटीवर मी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीचे २०२४चे सुधारित ‘प्लेअर्स हँडबुक’ हे नियमांचे पुस्तक पुन्हा वाचले. हे परीक्षण त्या वाचनाचे आहे. संपूर्ण पुस्तकाचा ताळेबंद मांडण्याचा येथे हेतू नाही.

पुस्तकाची जुजबी ओळख आधी उरकतो. सप्टेंबर २०२४मध्ये ते बाजारात आले, पुठ्ठा बांधणीची ३८४ पाने आहेत आणि अमेरिकेतील छापील किंमत ४९.९९ डॉलर आहे. आपल्याकडे ते आयात होऊन येत असल्याने दर विक्रेत्यागणिक बदलतो. माझी प्रत एका कोपऱ्यात चेपून आली आणि विक्रेत्याने बदलूनही दिली नाही, पण तो दोष पुस्तकाचा नव्हे. बारा क्लासेस, प्रत्येकाचे चार उपप्रकार, दहा वंश, सोळा पार्श्वभूमी आणि पंच्याहत्तर फीट्स (पात्राची खास कसबे) एवढा ऐवज त्यात आहे. २०१४च्या आवृत्तीत काही क्लासेसना उपप्रकार पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पायरीला) निवडावा लागे, तर काहींना दुसऱ्या किंवा तिसऱ्या. आता सर्वांनाच तो तिसऱ्या लेव्हलला निवडायचा असतो, आणि नवख्या खेळाडूला सुरुवातीलाच दोन मोठे निर्णय घ्यावे लागत नाहीत, ही सुधारणा मला मनापासून आवडली.

आता मूळ प्रश्न. पात्र तयार करण्याच्या प्रकरणात चमूच्या रचनेविषयी एक छोटा परिच्छेद आहे. क्लेरिक, फायटर, रोग आणि विझार्ड हा या खेळाचा अभिजात चमू, असे तो सांगतो आणि पुढे कोणाच्या जागी कोण चालेल याची यादी देतो. क्लेरिकच्या जागी बार्ड (शाहीर) किंवा ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा), फायटरच्या जागी बार्बेरियन (रानटी योद्धा), मंक (हातापायांनी लढणारा साधू), पॅलाडिन (धर्मयोद्धा) किंवा रेंजर (रानात वावरणारा लढवय्या), रोगच्या जागी बार्ड किंवा रेंजर, आणि विझार्डच्या जागी बार्ड, सॉर्सरर (उपजत जादूगार) किंवा वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा). सल्ला चांगला आहे, पण तो बदलीचा आहे. चारही जण जागच्या जागी हजर असताना पाचवा आला तर त्याने काय करावे, याबद्दल पुस्तक एक अक्षर बोलत नाही. पाच खेळाडूंचा डाव काही अपवादात्मक नाही. २०१४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधील लढायांचा हिशेब तीन ते पाच जण गृहीत धरून केलेला होता, आणि २००८च्या चौथ्या आवृत्तीने तर भूमिका चारच ठरवल्या, पण लढाईचे गणित मात्र पाच जणांवर बसवले. चार कामे आणि पाच माणसे हा पेच तेव्हापासूनचा आहे. बदलीच्या त्या यादीत बार्डचे नाव तीन ठिकाणी येते, हे मात्र मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवले.

हा संच कोणी एका बैठकीत आखलेला नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ प्रसिद्ध केला तेव्हा क्लासेस तीनच होते : लढणारा, जादू करणारा आणि धर्मोपदेशक. चोर १९७५च्या पुरवणीतून आला. बार्ड १९७६मध्ये प्रकाशकांच्या नियतकालिकातून अवतरला आणि १९७८च्या हँडबुकमध्ये त्याची रवानगी परिशिष्टात झाली. तेथे बार्ड होण्यासाठी आधी फायटर म्हणून, मग चोर म्हणून आयुष्य काढावे लागे आणि त्यानंतर ड्रुइडांकडे शिकायला जावे लागे. थोडक्यात, पाचवा जो आला तो पहिल्या चौघांच्या घरचे थोडेथोडे खाऊनच मोठा झाला.

पाचव्याची निवड करताना बहुतेक जण ‘चमूत काय कमी आहे?’ असे विचारतात. हा प्रश्न मला अपुरा वाटतो, कारण चौघांच्या या संचात वरवर पाहता काहीच कमी नसते. पुढे उभा राहणारा आहे, कुलूप उघडणारा आहे, आग फेकणारा आहे आणि जखमा भरणारा आहे. खरी उणीव दिसते ती यांपैकी एक जण खाली पडल्यावर, आणि ती आम्हाला फार महागात पडून कळली.

आमचा चमू दुसऱ्या लेव्हलला होता आणि एका लाकडी पुलावर एका ओगरने, म्हणजे धिप्पाड राक्षसाने, वाट अडवली होती. काकांच्या क्लेरिकचे १७ हिट पॉइंट्स (जीव किती उरला ते मोजणारे गुण) होते. ओगरच्या सोट्याचा पहिला तडाखा १३चा बसला, दुसरा १२चा, आणि क्लेरिक शून्यावर आला. शून्यावर आलेले पात्र बेशुद्ध होते आणि आपल्या प्रत्येक पाळीला वीस पैलूंचा फासा टाकते. १० किंवा अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश, आणि तीन अपयशे झाली की खेळ खलास. त्या क्षणी उरलेल्या तिघांनी आपापले कागद चाळले. फायटरकडे ‘सेकंड विंड’ हे कसब होते, पण त्याने स्वतःचीच जखम भरते. विझार्डच्या मंत्रांच्या यादीत जखम भरणारा मंत्रच नाही. चमूकडची औषधाची एकुलती एक बाटली आदल्या लढाईत संपली होती आणि नवीन घ्यायला लागणारी ५० सुवर्णनाणी कोणाच्याच थैलीत नव्हती. चोर धावत गेली, मेडिसिनची चाचणी केली, १० हवे असताना तिचे ७ झाले. काकांनी पहिला फासा टाकला, ८ पडले. दुसरा टाकला, १४ पडले आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तिसऱ्या वेळी फाशावर १ आला. एक पडला की दोन अपयशे मोजतात.

मेलेल्याला परत आणणारा ‘रिव्हिव्हिफाय’ हा मंत्र आहे, पण तो क्लेरिकला पाचव्या लेव्हलला मिळतो, आणि आमच्या चमूत तो कधीकाळी कोणाला मिळालाच असता तर तो ज्याला मिळाला असता तोच मेला होता. काका काही बोलले नाहीत; त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पात्राचा कागद चौघडी घालून खिशात ठेवला. भाची त्या दिवशी सोफ्यावर बसून चिवडा खात नुसता डाव बघत होती. तिने एवढेच विचारले, “मामा, काकांना उठवायला कोणीच नव्हतं का?”

पाचव्या क्लाससाठी यापेक्षा चांगली कसोटी मला आजवर सापडलेली नाही. जो सर्वांना उठवतो त्याला कोण उठवणार? या प्रश्नाला ज्या क्लासकडे उत्तर नाही तो कितीही देखणा असला तरी चौघांच्या या संचात पाचवा म्हणून मी सुचवणार नाही. ही चाळणी लावली की बार्बेरियन, मंक, सॉर्सरर आणि वॉरलॉक हे चौघे, उपप्रकार मिळण्याआधीच्या लेव्हल्सपुरते पाहिले तर, पहिल्याच फेरीत गळतात. त्यांच्याशी माझे वैर नाही. बार्बेरियनमुळे फायटरचा भार हलका होतो आणि चोराला ‘स्नीक अटॅक’साठी (जादा नुकसान करणाऱ्या घावासाठी) शत्रूच्या शेजारी उभा राहणारा आणखी एक साथीदार मिळतो, हा फायदा मोठा आहे. वॉरलॉक थोड्या विश्रांतीत आपले मंत्र परत मिळवतो, तर क्लेरिक आणि विझार्ड यांना त्यासाठी रात्रभर झोप घ्यावी लागते, त्यामुळे ‘आता थांबायचे की पुढे जायचे’ हा वाद दर वेळी उकरला जातो. पण हा मुद्दा गौण आहे.

चाळणीत उरतात ड्रुइड, रेंजर, पॅलाडिन आणि बार्ड. येथे दुसरा एक निकष आपसूक समोर येतो, आणि तो मला पुस्तकाच्या क्लासेसच्या तक्त्याने दाखवला. त्या तक्त्यात प्रत्येक क्लासचा मुख्य गुण आणि खेळायला तो किती गुंतागुंतीचा आहे हे एका ओळीत दिले आहे. आमच्या चौघांचे मुख्य गुण पाहा : फायटरची ताकद, चोराची चपळाई, विझार्डची बुद्धी, क्लेरिकचे शहाणपण. काटकपणा सर्वांनाच लागतो. सहापैकी एकच गुण कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, आणि तो म्हणजे करिश्मा. याचा परिणाम आमच्या डावात वर्षानुवर्षे दिसत होता. सरदाराशी वाटाघाटी करायच्या असोत, सीमेवरच्या पहारेकऱ्याला थाप मारायची असो किंवा गावकऱ्यांना धीर द्यायचा असो, चौघेही एकमेकांकडे पाहत आणि शेवटी ज्याचे उणे सर्वांत कमी तो बोलायला पुढे होई. ड्रुइड आणि रेंजर हे दोघेही शहाणपणावर चालणारे क्लासेस आहेत. ते आले तरी ही खुर्ची रिकामीच राहते.

रेंजरबद्दल चार शब्द. २०२४च्या नियमांत त्याला पहिल्या लेव्हललाच मंत्र मिळतात (पूर्वी दुसऱ्या लेव्हलपर्यंत थांबावे लागे) आणि ‘गुडबेरी’ने तो दहा बोरे तयार करतो, ज्यांतील प्रत्येकाने एक हिट पॉइंट परत येतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात बोर भरवता येते का, या प्रश्नावर जुन्या नियमांत आमच्या टेबलावर अर्धा तास वाद झालेला आहे. नव्या नियमांत बोर खाण्यासाठी खाणाऱ्यालाच पाळीतल्या मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती, म्हणजे बोनस अॅक्शन खर्चावी लागते आणि बेशुद्ध पात्राला ती करता येत नाही, त्यामुळे वाद मिटला, पण आमच्या कसोटीपुरता त्या मंत्राचा उपयोगही संपला. ड्रुइड जास्त तुल्यबळ आहे. साठ फुटांवरून जखम भरणारा ‘हीलिंग वर्ड’ त्याच्याकडे आहे, दुसऱ्या लेव्हलपासून तो प्राण्याचे रूप घेतो, आणि पुढे ‘पास विदाउट ट्रेस’ने सगळ्या चमूच्या लपण्याच्या चाचणीत १०ची भर टाकतो, लोखंडी चिलखतात खणखणत चालणाऱ्या फायटरला बरोबर घेऊन कुठे चोरपावलांनी जायचे असेल तर हा मंत्र सोन्याच्या मोलाचा आहे. करिश्म्याची अट नसती तर माझे मत ड्रुइडला गेले असते. नवख्या खेळाडूला मात्र तो देऊ नये, कारण मंत्रांच्या जोडीला प्राण्यांच्या नोंदीही सतत उघड्या ठेवाव्या लागतात.

उरले दोघे, आणि या दोघांतली निवड सोपी नाही.

पॅलाडिनची बाजू मी आधी मांडतो, कारण निर्णय होईपर्यंत माझा कौल त्याच्याच बाजूने होता. त्याच्या ‘ले ऑन हँड्स’मध्ये लेव्हलच्या पाचपट पॉइंट्सचा साठा असतो, आणि तो हवा तसा तोडून वापरता येतो. दुसऱ्या लेव्हलला १० पॉइंट्स म्हणजे, कंजूषपणा करायचा ठरवला तर, पडलेल्या माणसाला एकेका पॉइंटवर दहा वेळा उभे करता येते. तेही मंत्रांचा एकही स्लॉट (मंत्र म्हणण्याची ठरावीक संधी) खर्च न होता. २०१४च्या नियमांत यासाठी पूर्ण अॅक्शन जात असे, आता बोनस अॅक्शन पुरते, म्हणजे त्याच पाळीत तलवारही चालवता येते. सहाव्या लेव्हलला त्याच्याभोवती दहा फुटांपर्यंत एक वलय तयार होते, ज्यात उभ्या असलेल्या प्रत्येक साथीदाराच्या सेव्हिंग थ्रोमध्ये (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशामध्ये) पॅलाडिनच्या करिश्म्याची भर पडते. हा या खेळातील सर्वांत दमदार गुणांपैकी एक आहे. त्याचा दुष्परिणामही मजेदार आहे : पावसात एका छत्रीखाली दाटी करावी तसे सगळे पॅलाडिनला चिकटून चालतात आणि वीस फूट त्रिज्येचा ‘फायरबॉल’ नेमका तेथेच येऊन पडतो. तक्त्यात पॅलाडिनची गुंतागुंत मध्यम दिलेली आहे, आणि ते खरे आहे.

तरीही त्या पुलावरचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणला की पॅलाडिनची मर्यादा स्पष्ट होते. त्याला हात लावावा लागतो. तो ओगरच्या अलीकडे आणि क्लेरिक पलीकडे असेल तर साठ्यात कितीही पॉइंट्स असले तरी ते तेथपर्यंत पोहोचत नाहीत, आणि ‘हीलिंग वर्ड’ पॅलाडिनच्या मंत्रांत नाही. शिवाय तो फायटरच्या खांद्याला खांदा लावून पहिल्या फळीत उभा असतो. पडायचीच वेळ आली तर तोही लवकर पडणाऱ्यांतलाच.

बार्ड मागे असतो. ‘हीलिंग वर्ड’ला साठ फुटांचा पल्ला आणि एक बोनस अॅक्शन एवढेच लागते, आणि नव्या नियमांत त्यातून परत येणारे पॉइंट्सही वाढले आहेत : पूर्वी चार पैलूंचा एक फासा पडे, आता दोन पडतात. पण बार्डचे मला पटलेले वैशिष्ट्य निराळे आहे. त्याचा मुख्य गुणधर्म असलेले ‘बार्डिक इन्स्पिरेशन’ त्याला स्वतःसाठी वापरता येत नाही. तो आपला सहा पैलूंचा फासा दुसऱ्याला देतो, आणि त्या दुसऱ्याची चाचणी फसली की तो फासा टाकून बेरीज वाढवता येते. २०१४मध्ये हे देणे दहा मिनिटे टिके, आणि डीएमने निकाल सांगण्याआधीच फासा वापरायचा की नाही हे ठरवावे लागे; आता ते तासभर टिकते आणि अपयश कळल्यावर वापरता येते. या छोट्या बदलाने टेबलावरचा हिशेबीपणा बराच कमी झाला आहे. लढाईच्या ऐन मध्यावर दुसऱ्याच्या हातात बळ देणारे पात्र आपल्याला अनोळखी नाही. आपला शाहीर पराक्रमाचा पोवाडा पराक्रम झाल्यावर रचतो, आणि या खेळातला शाहीर तो झाला पाहिजे म्हणून आधीच डफावर थाप मारतो, एवढाच फरक.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच पुलावर आलो. काकांनी नवा क्लेरिक आणला होता आणि भाचीने बार्ड. तिसऱ्या फेरीत ओगरने क्लेरिकला पुन्हा लोळवले. भाची पुलाच्या अलीकडे, सुमारे चाळीस फुटांवर, एका झाडाआड उभी होती. तिने बोनस अॅक्शनने ‘हीलिंग वर्ड’ म्हटला, दोन फाशांवर ३ आणि २ पडले, त्यात करिश्म्याचे ३ मिळवून ८ पॉइंट्स झाले आणि काका उठून बसले. तिची अॅक्शन अजून शिल्लक होती. तिने ‘व्हिशस मॉकरी’ निवडली, ज्यात शत्रूला शब्दांनी जखमी करायचे असते, आणि आमच्या टेबलाचा नियम असा की टोमणा प्रत्यक्ष मारून दाखवावा लागतो. भाची ओगरला म्हणाली, “एवढा देह देवाने दिला, त्यात राहायला कोणाला तरी पाठवायचं तेवढं विसरला.” ओगरची चाचणी फसली. नुकसान किरकोळ झाले (नव्या नियमांत सहा पैलूंचा एक फासा, पूर्वी चार पैलूंचा होता), पण पुढच्या हल्ल्यात त्याला दोनदा फासा टाकून कमी आकडा घ्यावा लागला. मी १५ आणि ६ टाकले. १५मध्ये ओगरच्या हल्ल्याचे ६ मिळवले की फायटरचे १८चे चिलखत आरामात भेदले गेले असते. ६मध्ये ते मिळवूनही सोटा हवेतच फिरला. एकाच पाळीत एक माणूस उठला आणि एक तडाखा चुकला, आणि या दोन्हींत भाचीने शस्त्राला हातही लावला नव्हता.

एवढे कौतुक झाल्यावर तक्रारीही मांडायला हव्यात. तक्त्यात बार्डची गुंतागुंत ‘जास्त’ अशी नोंदवली आहे आणि ती अतिशयोक्ती नाही. पहिल्याच लेव्हलला दोन कँट्रिप (हवे तितक्यांदा वापरता येणारे छोटे मंत्र), चार मंत्र, तीन कौशल्ये आणि तीन वाद्ये निवडायची असतात. कौशल्ये कोणतीही घेता येतात हे स्वातंत्र्य कागदावर छान दिसते, पण नवख्या माणसाला ते उडप्याच्या हॉटेलातल्या मेन्यूकार्डासारखे होते. भाचीने दीड तास घेतला आणि त्यातला तासभर ती वाद्यांवर अडली होती, ज्यांचा लढाईत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. येथे पुस्तकाची मांडणी अर्धीच मदत करते. प्रत्येक क्लासची मंत्रयादी आता त्या क्लासच्याच भागात दिली आहे, ही चांगली गोष्ट. मात्र मंत्रांचे तपशील शेवटच्या प्रकरणात, सर्व क्लासेसचे एकत्र, इंग्रजी वर्णानुक्रमाने आहेत. परिणामी बार्ड तयार करताना एक बोट पुस्तकाच्या पुढच्या भागात आणि दुसरे मागच्या भागात अडकवून बसावे लागते. अखेरीस दिलेला नियमांचा शब्दकोश मात्र अप्रतिम आहे. डाव चालू असताना ‘बेशुद्ध म्हणजे नेमके काय काय’ हे दहा सेकंदांत सापडते.

दुसरी तक्रार बार्डच्या स्वभावाची आहे, आणि चौघांच्या रूढ संचात ती विशेष जाणवते. दुसऱ्या लेव्हलला त्याला दोन कौशल्यांत ‘एक्स्पर्टीज’ (दुप्पट प्रावीण्य) मिळते आणि प्रावीण्य नसलेल्या सर्व कौशल्यांत अर्धा प्रॉफिशिएन्सी बोनस (प्रावीण्याची भर). हे सगळे चोराच्या अंगणात येते. भाचीने उत्साहाच्या भरात लपण्यात प्रावीण्य घेतले आणि पुढच्याच डावात ती चोराच्या बरोबरीने अंधारात शिरू लागली. माझी सहकारी काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने फासे नेहमीपेक्षा जोरात टाकले. मग आम्ही भाचीला ते प्रावीण्य मन वळवण्याकडे आणि थापा मारण्याकडे वळवायला लावले. पाचवा भिडू म्हणून बार्ड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की करिश्म्याची कौशल्ये ठेवावीत आणि हाताची, पायाची चोराला सोडावीत.

उपप्रकाराबाबत माझे मत प्रचलित सल्ल्याशी जुळत नाही. नृत्य, मोहिनी, विद्या आणि शौर्य अशा अर्थाचे चार पंथ पुस्तकात आहेत, आणि जाणकार बहुधा विद्येचा पंथ सुचवतात, कारण त्यात शत्रूच्या फाशातून वजाबाकी करणारे ‘कटिंग वर्ड्स’ आहे. त्या पंथाने आणखी तीन कौशल्येही मिळतात, आणि चौघे आधीच हजर असलेल्या चमूत ती जादा कौशल्ये कोणाच्या ना कोणाच्या पायावर पडतात. शौर्याच्या पंथात मध्यम चिलखत, ढाल आणि युद्धशस्त्रे मिळतात. म्हणजे गरज पडली तर बार्ड दोन पावले पुढे येऊन शत्रूच्या शेजारी उभा राहू शकतो आणि चोराचा ‘स्नीक अटॅक’ सुरू होतो. एकट्या फायटरवर पहिली फळी सोपवलेल्या चमूला मी हाच पंथ सुचवीन.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२५मध्ये कंपनीने मूळ नियमांचा इंग्रजी दस्तऐवज खुल्या परवान्याखाली मोफत उपलब्ध करून दिला आहे. त्यात बाराही क्लासेस आहेत, प्रत्येकी एका उपप्रकारासह, आणि बार्डचा त्यात दिलेला पंथ विद्येचा आहे. पाचवा क्लास आपल्या डावाला मानवतो की नाही हे पाहायचे असेल तर तेवढे भरपूर आहे. शौर्याचा पंथ हवा असेल, चित्रे हवी असतील आणि टेबलावर हातोहात फिरणारे पुस्तक हवे असेल तर हँडबुक घ्यावे. पाच जणांच्या टेबलाला एक प्रत अपुरी पडते, हे मी अनुभवाने सांगतो. लढाईच्या मध्यावर बायको आणि भाची एकाच वेळी मंत्रांचे प्रकरण मागतात आणि तेव्हा नाते मामी-भाचीचे राहत नाही.

भाची आता चौथ्या लेव्हलला आहे. बार्डचे मंत्र लेव्हल वाढेपर्यंत बदलत नाहीत आणि क्लेरिकला रोज नवे निवडता येतात, म्हणून ‘हीलिंग वर्ड’ कायमचा तिच्याकडे ठेवून काकांनी स्वतःच्या यादीतून तो काढून टाकला आणि त्या जागी दुसरा एक मंत्र घेतला. ‘ब्लेस’ ते पूर्वीपासूनच वापरतात, ज्याने साथीदारांच्या हल्ल्यांत आणि सेव्हिंग थ्रोमध्ये चार पैलूंच्या फाशाची भर पडते. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटने तो तिघांनाच लागू होतो. चौघे असताना एकच जण सुटायचा आणि काका बिनतक्रार स्वतःलाच वगळायचे. आता दोघे सुटतात, आणि दुसरा कोण यावर प्रत्येक लढाईच्या आधी चहाचा एक कप संपेपर्यंत चर्चा चालते.